वायरमन तात्यांनी वाचवलेली झाडं

आमच्या कॉलनीत गहिनीनाथ कुठं राहतात असं विचारलंत तर लोक तुमच्या तोंडाकडं बघत बसतील. वायरमन तात्या म्हणा, कुणीही दारापर्यंत आणून सोडील. तात्यांना मी सोळा वर्षं बघतेय. रस्त्याला लागून माझी पिठाची गिरणी, मागं कॉलनीची मोकळी जागा आणि त्या जागेच्या पलीकडं त्यांचं घर. लोकांना वाटतं, गिरणीच्या घरघरीत या सविताला काय ऐकू येतंय. सगळं ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते दिसतं. म्हणून हे मीच सांगते. दुसरा कुणी सांगेल तर गोड करून सांगेल, आणि मला गोड बोलणाऱ्यांचा भारी राग येतो.

तात्या पाथर्डीकडचे. घरची माणसं दरवर्षी ऊसतोडीला जायची. हे एकटे शिकले, विजेच्या खात्यात लागले आणि खांबावर चढले. तीस वर्षं खांबावर काढली. वायरमनचं निम्मं आयुष्य फांद्या तोडण्यात जातं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पावसाळ्याआधी महिनाभर लाईन बंद करायची आणि तारेला लागणारी एकेक फांदी खाली पाडायची. "लई झाडं तोडली बगा सविताबाई," ते म्हणायचे, "आता जरा लावतो." नोकरी संपायच्या आधीपासूनच त्यांनी त्या मोकळ्या जागेत रोपं लावायला सुरुवात केली. आमच्या भागात नळाला पाणी दिवसाआड येतं, आणि तेही त्याच्या मर्जीनं. तात्यांनी घरोघरी बादल्या ठेवल्या. भांड्याधुण्याचं पाणी त्यात साठवायचं, सायकलच्या कॅरियरला दोन कॅन बांधायचे आणि एकेका रोपाला ओतत फिरायचं. लोक हसायचे. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण कडुनिंब उठले, करंज उठले, दोन बहावे, एक जांभूळ. दहा वर्षांत अशी सावली झाली की मे महिन्यात दळणाला आलेल्या बाया डबा माझ्याकडं टाकून तिकडं जाऊन बसायच्या.

बनुबाई ही तात्यांची बायको. ठेंगणी, फटकळ, भांडायला एका पायावर तयार. माझं आणि तिचं पहिलं बोलणंच भांडणानं सुरू झालं होतं, बाजरी जाड दळली म्हणून. तेव्हापासून जमलं. एक दिवस सकाळी भाकरी थापताना तिच्या छातीत कळ आली. बाईला वाटलं पित्त झालं. सोडा प्यायली, वर थंड दूध प्यायली आणि उरलेल्या भाकऱ्या पुऱ्या केल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत तीन तास गेले होते. दोन नळ्या बंद निघाल्या. एकीत स्प्रिंग बसवली, दुसरीला हात लावण्यात अर्थ नाही म्हणाले. हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं होतं.

डॉक्टर माणूस बरा होता. त्यानं तात्यांना समोर बसवून सांगितलं की गोळ्या निम्मं काम करतील, निम्मं काम चालण्यानं होईल. रोज अर्धा तास. पण रस्त्याच्या कडेनं नाही, धुरात नाही, धुळीत नाही, उन्हात तर नाहीच. "तुमच्याकडे झाडं आहेत का कुठं?" त्यानं विचारलं. हे सांगताना तात्यांची छाती फुगायची. "मी म्हनलं, सायेब, हायेत की. मीच लावल्यात."

मग त्यांनी झाडांच्या कडेकडेनं एक वाट केली. खडे वेचले, मुरूम पसरला, पाणी मारलं, धुम्मस घेऊन चोपला. साठीतला माणूस आठ दिवस धुम्मस मारत होता आणि मी गिरणीतून ओरडत होते की आता तुम्ही पण आडवे व्हा म्हणजे जोडी होईल. एक फेरी दोनशे पावलांची. पहिल्या दिवशी बनुबाई अर्धी फेरी चालली आणि माझ्या पायरीवर येऊन बसली. ओठ निळे पडले होते. तात्या तिच्या मागं दोन पावलांवर, हातात पाण्याची बाटली, सदऱ्याच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी. पुढं महिनाभरात दोन फेऱ्या झाल्या, मग चार. कॉलनीतल्या पोरी चिडवायच्या, नवं लग्न झालंय जणू. बनुबाई म्हणायची, "नवं असतं तर पुढं चालला असता, आता पडायची भीती हाय म्हून मागं हाय." वर्षाच्या शेवटी ती अकरा फेऱ्या मारत होती, पायात कापडी बूट घालून, माझ्याशी बोलत बोलत. पुन्हा तपासणी झाली, पंपिंग एकोणचाळीस. तिला वाचता येत नव्हतं, पण तो आकडा कागदावर कुठं असतो ते तिला पाठ झालं होतं. गिरणीत येऊन तिनं बोट ठेवून दाखवला. त्या दिवशी मी तिचं दळण फुकट दळून दिलं आणि तिनं त्यावरूनही भांडण काढलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मच्छिंद्र मध्ये आला. मच्छिंद्र प्लॉट पाडून विकणारा माणूस. कॉलनीच्या मागचं रान त्यानं घेतलं होतं आणि त्याला तिकडं जायला सरळ रस्ता हवा होता. सरळ म्हणजे मोकळ्या जागेच्या मधोमध. एका दुपारी दोन पोरं आली, पांढरी फक्की टाकून रेघा मारून गेली. पाच झाडं रेघेच्या आत होती, आणि बनुबाईची निम्मी वाट. तात्यांनी अर्ज केले. कागदावर ती जागा बागेसाठी होती, पण कागद बघायला सवड कुणाला होती. जो तो बघू म्हणाला. गिरणीच्या पायरीवर बसून तात्या एवढंच म्हणाले, "सविताबाई, ही वाट गेली तर बनू गेली."

दुसऱ्या दिवशी जेसीबी येणार होता. त्या सकाळी मी गिरणी लवकर उघडली होती, लग्नघराचं मोठं दळण होतं. उजाडत होतं. बघते तर तात्या मधल्या मोठ्या कडुनिंबाच्या बुडाशी वाकलेले. कुणाच्या तरी घराच्या पाया खणताना निघालेला एक गोल काळा दगड त्यांनी नीट रोवला, कागदाच्या पुडीतला शेंदूर तेलात कालवला आणि फासला. वर एक जास्वंदाचं फूल ठेवलं. उठले तर समोर मी. माणसाचं तोंड एवढंसं झालं. मग मला हळूच सांगितलं. तीस वर्षांत त्यांच्या टोळीनं शेंदराच्या झाडाला कधी कुऱ्हाड लावली नव्हती. साहेब किती का बोंबलेना, कुणी चढायला तयार व्हायचं नाही. तार वाकडी न्यायची, जादा खांब रोवायचा, पण झाड राहायचं. "देव न्हाई बसवला मी," ते म्हणाले. "नुसता पहारा बसवलाय."

मला ते इतकं पटलं की काय सांगू. हुशार माणूस, असंच वाटलं.

आणि झालंही तसंच. जेसीबीचा ड्रायव्हर आला, दगड बघून खाली उतरला, चप्पल काढली, हात जोडले. "म्हसोबा दिसतोय," म्हणाला आणि मशीन मागं घेऊन गेला. दगडाला नाव त्यानं दिलं, तात्यांनी नाही. संध्याकाळी मच्छिंद्र गिरणीत आला. हा दगड कुणी आणून ठेवला, असं मला विचारलं. मी म्हणाले, "काल संध्याकाळपर्यंत नव्हता. सकाळी बघितलं तर होता." यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण माझ्यामागं उभ्या असलेल्या चार बायांनी तो ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी कॉलनीभर झालं की मोकळ्या जागेत म्हसोबा आपण होऊन प्रकटला. माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

चार महिने आनंदात गेले. बनुबाई जाता येता दगडाला हात जोडायची, माझी वाट राखलीस बाबा म्हणायची. तात्या मान दुसरीकडं वळवायचे. मग एकीला नवस फळला. एकीच्या पोराला नोकरी लागली. नारळ फुटायला लागले, मंगळवारी रांग लागायला लागली. आणि मच्छिंद्र काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याला कळलं की रस्त्यापेक्षा देऊळ बरं. देवळाला वाट लागतेच, ती कुणी अडवत नाही, आणि देवळाजवळचे प्लॉट चढ्या भावानं जातात. त्यानं समिती काढली, स्वतः अध्यक्ष झाला आणि माझ्याकडून पत्र्याची वर्गणी घेऊन गेला. दिली मी. सगळे देत होते, मीच कशी नाही म्हणू. देवाला मी नावं ठेवत नाही, आजही ठेवत नाही. पण तो देव नव्हता हे कॉलनीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्या दोघांनी तोंडं शिवून घेतली होती.

आधी ओटा झाला. ओट्याला मुळं आडवी येतात म्हणून एक करंज गेला. मग सभामंडप ठरला, तेव्हा बाकीची झाडं गेली. फक्त देवामागचा मोठा कडुनिंब ठेवला आणि त्याच्या बुडाला चारी बाजूंनी काँक्रीट ओतलं. झाडं पाडायच्या दिवशी माणसं तात्यांच्या दाराशी आली. वरून विजेची लाईन गेलेली, एखादं झाड तारेवर पडलं तर माणूस मरायचा. "तात्या, तुमच्याइतकं यातलं कुणाला कळतंय, जरा उभं राहा." मला वाटलं शिव्या घालतील. पण तो माणूस चप्पल घालून आला आणि उभा राहिला. दोर कुठं बांधायचा, घाव कुठल्या बाजूनं घालायचा, कुणी कुठं थांबायचं, सगळं सांगत होता. आपण लावलेली झाडं आपणच सांगून पाडली. एकही तारेला लागलं नाही. मी गिरणी बंद करून आत बसले, मला ते बघवेना.

सगळ्या जागेला सिमेंटचे ब्लॉक बसले. मुरमाची वाट त्यांच्याखाली गेली. तरी बनुबाई तिसऱ्या दिवशी बूट घालून चालायला आलीच. समितीचा एक माणूस आडवा आला. देवाची जागा आहे, पायताण बाहेर काढा. तिला साखरही होती, डॉक्टरांनी अनवाणी पाऊल टाकायचं नाही असं बजावलेलं. पण ती हट्टी. बूट काढले आणि चालली. एप्रिल होता, सावली उरली नव्हती, सकाळी नऊलाच ब्लॉक तापलेले. दोन फेऱ्यांत तळव्याला फोड आले. ते फोड बरे व्हायला दोन महिने लागले, बोट कापावं लागतंय की काय इथपर्यंत गोष्ट गेली होती.

मग तात्यांनी तिला रस्त्यानं न्यायला सुरुवात केली. आमच्या रस्त्यानं खडीचे डंपर जातात. धूळ एवढी की माझ्या गिरणीतलं पीठ परवडलं. चौथ्या दिवशी मागून डंपरनं असा हॉर्न मारला की ती मटकन खाली बसली, छाती धरून. गोळी जिभेखाली ठेवली, रिक्षात घातलं, वाचली. त्यानंतर ती उंबऱ्याबाहेर यायलाच घाबरायची. आता म्हणाल, शहरात एकही बाग नाही का. आहे की, चार किलोमीटरवर. रिक्षानं जायचं, रिक्षानं यायचं, आणि जाता येता तोच धूर खायचा. आठ दिवस गेले ते. तिला रिक्षाच्या धक्क्यांनीच दम लागायचा. मुलगा ज्ञानेश्वर पुण्याला कंपनीत. तो म्हणाला इकडं या. गेले, पंधरा दिवसांत परत आले. तिथं सातव्या मजल्यावर दोन खोल्या आणि खाली गाड्याच गाड्या. सून निकिता चांगली आहे, पण चालायला जागा ती कुठून आणणार.

पुढची तपासणी झाली. डॉक्टरनं कागद बघितला, मग बनुबाईकडं बघितलं आणि विचारलं, चालणं बंद केलं का. पंपिंग पंचवीसवर आलं होतं.

तेव्हापासून ती शिव्या द्यायला लागली. खाटेवर बसल्या बसल्या खिडकीतून सभामंडप दिसायचा. ती म्हणायची, "ज्यानं कुनी हा धोंडा हितं आनून ठिवला, त्याचं तळपट हू दे. त्याच्या चुलीतला इस्तू इझू दे." रोज. सकाळी चहा पिताना, संध्याकाळी आरतीचा भोंगा सुरू झाला की. आधी हात जोडायची खरी, पण तो दगड आपोआप आला यावर तिचा कधीच विश्वास बसला नव्हता, तेवढी ती पक्की होती. आणि तात्या शेजारी बसून तिच्या गोळ्या सोलत असायचे. मी पीठ द्यायला जायची तेव्हा हे कानांनी ऐकलंय. तात्या एकदाही म्हणाले नाहीत की गप बस. एवढंच म्हणायचे, "दम लागंल तुला, सावकाश."

मी त्यांना एकदा आडबाजूला गाठलं. म्हणाले, तात्या, सांगून टाका एकदाचं. नाही तर मी सांगते. ते म्हणाले, "मीच सांगतो. पर आदी समितीला सांगतो. नुसता धोंडा हाय हे कळलं तर निदान कडेची चार फूट वाट देतील. चपला घालून चालायपुरती. ती वाट मिळाली की मग बनूला सांगतो, म्हंजे तिला राग आला तरी चालायला जागा असंल." बघा, तेव्हासुद्धा त्यांचा हिशोब वाटेचाच होता.

कळस बसवायच्या आदल्या दिवशी समितीची बैठक होती. तात्या इस्त्रीचा सदरा घालून गेले. मी मुद्दाम मागं जाऊन उभी राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दगड कुठून उचलला, शेंदूर कुठून आणला, का लावला. शेवटी हात जोडून म्हणाले, देव न्हाई त्यो, माझी चूक हाय, मला काय बोलायचं ते बोला, पर कडेनं चार फूट वाट द्या, मंडळी लई आजारी हाय. मी पण पुढं होऊन म्हणाले की मी डोळ्यांनी बघितलंय. मला वाटलं आता मारतात की काय. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मच्छिंद्र उठला, तात्यांच्या पाया पडला. म्हणाला, "तात्या, म्हणजे देवानं तुमच्याच हातून करून घेतलं. शेंदूर घेऊन जायची बुद्धी तुम्हाला कुणी दिली?" एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. वाटेचं बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी कळसाच्या कार्यक्रमात भोंग्यावरून जाहीर झालं, मूळ स्थापना करणारे गहिनीनाथ तात्या यांचा सत्कार. तात्या तिथं नव्हतेच, घरी बनुबाईला पेज भरवत होते. मी त्यांच्याकडं होते. तिला आजच सांगायचं असं त्यांनी मला नुकतंच पडवीत सांगितलं होतं, तेवढा वेळही मिळाला नाही. भोंगा तीनदा नाव घेऊन ओरडला. बनुबाईनं तोंडापुढचा चमचा हातानं बाजूला केला.

"तुमी?" एवढंच विचारलं.

तात्यांनी मान हलवली. मग ती म्हणाली, "मग म्या रोज तुमालाच बोलत हुते की वो." तात्या म्हणाले, "बोल की. माझंच हाय." ती नाही बोलली. त्या दिवसापासून तिनं शिव्या देणं सोडलं, आणि चालायचंही नाव काढलं नाही. आधी निदान घरातल्या घरात, चुलीपासून दारापर्यंत ती सात-आठ पावलं टाकायची. आता तात्या म्हणायचे, चल गं, दारापर्यंत तरी. ती म्हणायची, राहू द्या. राग नव्हता तो. राग असता तर मला चाललं असतं, रागानं ती दहा वर्षं जगली असती.

ती श्रावणात गेली. सोमवार होता, सकाळचे अकरा. ज्ञानेश्वर पुण्याहून येईपर्यंत तीन वाजले. न्यायची गाडी रस्त्यावर माझ्या गिरणीपाशी उभी होती. घरापासून गाडीपर्यंत सरळ वाट म्हणजे मोकळ्या जागेतून, शंभर पावलं. तिरडी उचलली तेव्हा समितीची दोन माणसं आली. आवाज खाली ठेवून बोलले, शहाण्यासारखे. श्रावणी सोमवार आहे, आत भंडाऱ्याची पंगत बसलीय, देवासमोरून मढं नको. मागच्या प्लॉटिंगमधून फिरवून न्या, तात्या, तुम्हाला तर माहितीच आहे, तुमचाच देव आहे.

मी काहीतरी बोलणार होते. माझ्या तोंडात आलं होतं ते मी इथं लिहीत नाही. पण तात्या पुढं मडकं धरून उभे होते, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. मग सगळे मागं वळले. मच्छिंद्रच्या प्लॉटांमधून खडी आणि काटेरी तारा चुकवत, रस्त्याला लागून डंपरच्या धुळीतून, अर्धा तास चालले. डॉक्टरनं तिला रोज चालायला सांगितलेला तेवढाच, बरोबर अर्धा तास लागला, मी पुढं येऊन गिरणीतलं घड्याळ बघत होते.